लॅम्प विझला असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी

हिशेबपट्टी (कळवा)

परवा 'घणसोलीचा वारा' यांनी लिहिले की, ठाण्या-वाशीतल्या क्लासेसमध्ये अजूनही लॅम्प (वेबसेवा बांधायची चौकडी: लिनक्स ही यंत्रप्रणाली, अपाची हा वेबसर्व्हर, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पीएचपी ही भाषा) शिकवला जातो ही विद्यार्थ्यांची शुद्ध फसवणूक आहे. त्यातले लिनक्स तेवढे ठेवावे, बाकीची तीन अक्षरे माळ्यावर टाकावीत आणि वेबसेवा बांधणाऱ्याने नोडखेरीज, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाखेरीज, दुसरा विचार करू नये. त्यांना दोन ओळींचे उत्तर लिहायला बसलो होतो, परंतु दोन ओळींत राग मावेना.

मी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातल्या काही आडत्यांचे हिशेब २००९ पासून सांभाळतो. पहाटे गाड्या लागतात, माल उतरतो, वजने होतात, भाव ठरतो आणि हमाली, तोलाई, भाडे वजा होऊन शेतकऱ्याच्या नावाची पट्टी छापली जाते. ती वेळेत हातात पडली नाही, तर ओतूरचा गाडीवाला परत निघत नाही आणि आडत्या फोनवर जे बोलतो ते लिहून दाखवण्यासारखे नसते. इतक्या वर्षांत यंत्र दोनदा बदलले, लिनक्सची आवृत्ती चारदा बदलली, माझ्या डोक्यावरचे केस गेले. पट्टी मात्र चालू आहे. २०१६ च्या जुलैमध्ये आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा शासनाचा निर्णय आला, तेव्हा मी दुपारी एक फाइल बदलली, सर्व्हरवर टाकली आणि दुसऱ्या पहाटेच्या पहिल्या पट्टीवर आडतीची ओळ नव्हती. त्यासाठी मला ना इतरांनी लिहिलेल्या शेकडो तयार पॅकेजेसची उतरंड उचलावी लागली, ना चालती सेवा थांबवून पुन्हा सुरू करावी लागली.

पीएचपीला नावे ठेवणाऱ्यांना तिच्या मांडणीतला मोठा गुण दिसत नाही. प्रत्येक विनंती कोऱ्या पाटीवर सुरू होते आणि उत्तर देऊन झाले की पाटी पुसली जाते. एका आडत्याच्या हिशेबात शून्याने भागाकार झाला, तर त्या आडत्याचे पान फुटते. शेजारच्या गाळ्यातल्या आडत्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नोडमध्ये एकच प्रक्रिया सगळ्यांचे काम ओढते आणि कोठे तरी न पकडलेली चूक उसळली की सगळ्यांना घेऊन खाली बसते. ती आपोआप पुन्हा उभी करणारी साधने असतात हे मला ठाऊक आहे. पण घराला आग लागण्याची सोय करून मग बंब विकत घेण्याला प्रगती म्हणावे, असे मला वाटत नाही.

मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर उभा आहे तो पीएचपीत लिहिलेला आहे आणि त्याच्यामागे मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचीच एक शाखा, आहे. संकेतस्थळे बांधण्याचे वर्डप्रेस २००३ पासून याच मांडणीवर चालते आहे. आपल्या मुंबईत घडलेले, कंपन्यांचा कारभार सांभाळणारे ईआरपीनेक्स्ट पायथन या भाषेत असले, तरी त्याचा डेटा मारियाडीबीच सांभाळते. ही सारी माळ्यावरची अडगळ असेल, तर माळाच घराहून मोठा झाला आहे असे म्हणावे लागेल.

आणि शेवटी, मी उद्या आजारी पडलो तर माझे काम कोण उचलेल? कळव्यातला कोणताही बीएस्सी झालेला मुलगा माझी पीएचपी चार दिवसांत वाचू शकतो. तुमच्या तीन वर्षांपूर्वीच्या नोड प्रकल्पात आज पॅकेजेस उतरवायला घेतली, तर किती इशारे लाल अक्षरांत येतात, ते एकदा मोजून सांगावे.

घणसोलीचा वारा

हिशेबपट्टी यांचे वय आणि अनुभव यांचा आदर राखून लिहितो, जरी त्यांनी माझे म्हणणे अर्धेच उद्धृत केले असले तरी.

मी फसवणूक म्हटले ते क्लासेसना, आणि त्या शब्दावर मी ठाम आहे. माझ्या धाकट्या मावसभावाने ठाण्यात स्थानकाजवळच्या एका संस्थेत भरपूर शुल्क भरून लॅम्पचा अभ्यासक्रम केला. त्याच्या वहीत मला डेटाबेसशी जोडणी करणारे 'मायएसक्यूएल_कनेक्ट' हे फंक्शन सापडले. हे फंक्शन पीएचपी ७ मधून, म्हणजे २०१५ च्या डिसेंबरातच, कायमचे काढून टाकलेले आहे, आणि हा मुलगा ते २०२३ मध्ये पाठ करत होता! महापे येथे मुलाखतीला गेल्यावर त्याला विचारले गेले की, वापरकर्त्याने भरलेले नाव तू सरळ क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, चिकटवतोस, मग त्याने नावातच अवतरणचिन्ह घालून पुढे टेबल पुसण्याची आज्ञा लिहिली तर काय होईल? पोराला प्रश्नच कळला नाही, कारण सरांनी सांगितले होते की 'चालते ना, मग बास.' दोष भाषेचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे, असे आता कोणी तरी म्हणेल. परंतु ज्या भाषेने वर्षानुवर्षे रजिस्टर ग्लोबल्स (बाहेरून आलेली माहिती आपोआप कोडातली चले बनवणे) आणि मॅजिक कोट्स (आलेल्या अवतरणचिन्हांपुढे आपोआप तिरकी रेघ घालणे) यांसारख्या सोयी दाराशी मांडून ठेवल्या आणि ५.४ आवृत्तीपर्यंत त्या घराबाहेर काढल्या नाहीत, तिच्या अंगणात असेच मास्तर वाढणार.

आता कोऱ्या पाटीविषयी. पाटी दर वेळी पुसायची म्हणजे दर वेळी पुन्हा लिहायचीही. भाव बदलला की क्षणात शंभर मोबाइलवर दिसला पाहिजे, अशी सेवा बांधायची असेल, तर प्रत्येक उघडी जोडणी तुमच्या पीएचपीचा एकेक कामगार अडवून बसते. कामगार संपले की रांग लागते, आणि रांगेतला माणूस पान पुन्हा पुन्हा ताजे करून ती आणखी लांबवतो. नोड २००९ मध्ये आला तोच मुळी या दुखण्यावर. तुमच्या आडत्यांना थेट भाव नको असतात काय?

रबाळे रात्रपाळी

मी सर्व्हर सांभाळणारी बाई आहे, बांधणारी नाही, आणि दोन्ही पक्षांनी आपापल्या घराचे जे वर्णन केले आहे ते वाचून मला हसू आले. कारण रात्री अडीच वाजता त्या घरांत झाडू मारायला मी जाते.

हिशेबपट्टी, 'चालू आहे' ही गुणवत्ता नव्हे. आमच्याकडे ग्राहकांचे असे कितीतरी सर्व्हर आहेत जे 'चालू आहेत' आणि ज्यांच्यावर पीएचपी ५.६ आहे. तिचा सुरक्षा-आधार ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपला. त्यांना अद्ययावत करा म्हटले की उत्तर ठरलेले असते: 'मॅडम, ज्या मुलाने बनवले तो कॅनडाला गेला, हात लावू नका.' तुमची कोणतीही फाइल सरळ सर्व्हरवर टाकण्याची जी सोय तुम्ही अभिमानाने सांगता, तीच सोय आत शिरलेल्या चोरालाही असते. छायाचित्रे चढवण्याच्या फोल्डरमध्ये एक पीएचपी फाइल ठेवली की झाले. गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान मी अशाच एका फाइलीमुळे दुपारी दोन वाजता केले.

आणि वारा साहेब, आपल्या वाऱ्याचेही ऐका. २०१६ च्या मार्चमध्ये एका माणसाने रागाच्या भरात आपली अकरा ओळींची चिमुकली लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, मागे घेतली आणि जगभरातल्या प्रकल्पांची बांधणी कोसळली. शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणे एवढेच तिचे काम होते, आणि तेवढ्यासाठी माणसे परक्याच्या दारात उभी होती. नोड घडवणारे रायन डाल यांनी स्वतःच २०१८ मध्ये भर सभेत नोडबद्दलच्या दहा खंती अशाच नावाचे भाषण केले. त्यांना ज्याची खंत वाटते, त्याचा तुम्हाला इतका गर्व कशाचा, हे समजत नाही.

लिनक्स तेवढे ठेवा म्हणता, तर तेही निश्चिंत राहिले आहे असे नाही. सेंटओएस ८ या लिनक्सच्या आवृत्तीचा आधार २०२९ पर्यंत मिळणार म्हणून आम्ही निर्धास्त होतो. २०२० च्या डिसेंबरात जाहीर झाले की तो २०२१ अखेरच संपणार. त्याच्या जागी रॉकी लिनक्स घ्यावे की अल्मा, या प्रश्नावर आमच्या विभागात जेवढे तंटे झाले, तेवढे आमच्या सोसायटीत पार्किंगवरूनही झालेले नाहीत.

हिशेबपट्टी (कळवा)

रात्रपाळी ताई, माझ्याकडे पीएचपी ८ आहे, आणि अपाचीच्या जागी एन्जिनएक्स हा दुसरा वेबसर्व्हर आणूनही काही वर्षे झाली. मी जुना आहे, आळशी नाही.

वारा यांच्या थेट भावाच्या मुद्द्यावर एवढेच सांगतो की, बाजारातला भावफलक माझ्या पुतण्याने नोडमध्ये लिहिला आहे. तो चांगला चालतो. हे मी पहिल्या लेखनात सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

घणसोलीचा वारा

वा! म्हणजे अपाची गेले, मायएसक्यूएलची मारियाडीबी झाली आणि थेट भाव नोडमध्ये आहेत. मग आपण नेमके कोणत्या लॅम्पचे रक्षण करण्यासाठी कमरेला पदर खोचला होता?

हिशेबपट्टी (कळवा)

आमच्या आजीच्या गोधडीची ठिगळे बदलून बदलून मूळचे लुगडे त्यात औषधालाही उरले नव्हते. तरी ती आजीचीच गोधडी होती आणि थंडीत तीच लागत असे.

अधोरेखित

मंडळी, वादाला माझी हरकत नाही, परंतु निदान अक्षरे तरी नीट लावावीत. लॅम्प हे नाव १९९८ मध्ये एका जर्मन संगणक नियतकालिकात मिखाएल कुन्झ यांनी वापरले. त्यातल्या शेवटच्या अक्षरात पीएचपीइतकाच पर्ल आणि पायथन या भाषांचाही वाटा आहे. वागळे इस्टेटमध्ये १९९९ साली मी पर्लमध्ये सीजीआय, म्हणजे वेबसर्व्हरने चालवायच्या आज्ञावल्या, लिहीत होतो तेव्हा आम्हीही लॅम्पवालेच होतो, आणि आज पीएचपीवाल्यांनी सगळा वाडा आपल्या नावावर करून घेतलेला पाहून भाऊबंदकीची आठवण होते. एम विषयीही एक सांगतो. मायएसक्यूएलमधले 'माय' हे इंग्रजी सर्वनाम नसून तो डेटाबेस घडवणारे मायकेल विडेनियस यांच्या थोरल्या मुलीचे नाव आहे. २००८ मध्ये सन या संगणक कंपनीने मायएसक्यूएलची कंपनी घेतली, २०१० मध्ये सन ओरॅकलच्या घरात गेली, आणि त्याआधीच बापाने धाकटीच्या, म्हणजे मारियाच्या, नावाने वेगळी चूल मांडली होती. तेव्हा एम गेला असे म्हणणे अज्ञान आहे. एम धाकट्या मुलीकडे राहायला गेला.

परंतु माझे मूळ दुखणे निराळेच आहे. तुम्ही तिघांनी एवढे लिहिले, पण या साऱ्या व्यवस्थेत मराठी अक्षरांचे काय होते, याबद्दल कोणी अवाक्षर काढलेले नाही. निवृत्तीनंतर मी आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर आणण्याचे काम विनामूल्य अंगावर घेतले. एका लेखकाच्या नावापुढे 'ॲड.' आहे. शोधात 'ॲड.' लिहिले की त्याची चार पुस्तके सापडतात. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी तेच लिहिले की सात वेगळी पुस्तके सापडतात! दोन दिवस मी डेटाबेसला शिव्या दिल्या. मग उलगडले की, हा अक्षरावर चंद्र असलेला 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे साऱ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक सूचीत, २००८ साली स्वतंत्र आला. त्यापूर्वी आणि अनेक कळफलकांवर आजही 'अ' लिहून वर चंद्र चढवतात. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला दोन निराळी. आणि ही दोन रूपे एकच आहेत असे प्रमाणीकरणाचे नियमही मानत नाहीत, त्यामुळे तयार उपायसुद्धा नाही.

'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र कोणी नुक्त्याच्या ऱ ने लिहितो, कोणी साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून लिहितो. सह्याद्रीच्या दऱ्यांवरची पुस्तके आमच्या सूचीत दोन दऱ्यांत विभागलेली आहेत. नोड असो वा पीएचपी, हे कोण बघणार?

घणसोलीचा वारा

हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही लॅम्पच्या विरोधात जाते. मायएसक्यूएलच्या 'यूटीएफ-८' मध्ये, म्हणजे युनिकोडची अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, मराठी धड बसतच नाही, हे जगजाहीर आहे. म्हणूनच त्यांना 'यूटीएफ-८-एमबी-४' आणावे लागले.

रबाळे रात्रपाळी

जगजाहीर आहे आणि चुकीचे आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि मायएसक्यूएलचा तो अर्धवट 'यूटीएफ-८' तीन बाइटांपर्यंत नीट चालतो. मराठी त्यात पूर्ण बसते. बसत नाहीत त्या चार बाइटांच्या हसऱ्या-रडक्या इमोजी. आडत्याच्या पट्टीवर रडका चेहरा छापायचा असेल, तरच २०१० मध्ये आलेला 'एमबी-४' लागतो.

बरे, तो आणताना आमचे काय झाले तेही ऐका. २५५ अक्षरांच्या रकान्यावरची, शोध जलद करणारी अनुक्रमणिका तीन बाइटांप्रमाणे ७६५ बाइटांत बसत होती, मर्यादा होती ७६७. चार बाइट धरल्यावर तीच मर्यादा १९१ अक्षरांवर आली आणि निम्मी टेबले रूपांतर करायला नकार देऊ लागली. दोष काढायचा तर असा नेमका काढावा. ऐकीव गोष्टींवर भांडणे मला रात्रपाळीनंतर परवडत नाही.

घणसोलीचा वारा

मान्य. मराठीबद्दलचे विधान मी मागे घेतो. परंतु आवृत्ती ८ येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, मायएसक्यूएलची मूळ ठेवण 'लॅटिन-१' (एका बाइटाला एक अक्षर मानणारा युरोपीय अक्षरसंच) होती आणि वर्णक्रम स्वीडिश होता, हे तर कोणी नाकारणार नाही ना? ओतूरच्या शेतकऱ्याची नावे स्वीडनच्या शिस्तीत लावणारा डेटाबेस आपण पोरांना आदर्श म्हणून शिकवायचा काय? हिशेबपट्टी यांची टेबले २००९ ची आहेत. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे की त्यांच्याकडे स्वीडिश नाही.

हिशेबपट्टी (कळवा)

हे लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला.

आहे. ग्राहकांच्या टेबलात नावाचा रकाना अजून लॅटिन-१ आहे आणि त्याची लांबी पन्नास आहे. २००९ मध्ये मला वाटले, पन्नास अक्षरांत कोणाचे नाव मावणार नाही? जोडणीही लॅटिन-१ होती, त्यामुळे मराठी आत गेले तसे बाहेर येत होते, पडद्यावर नीट दिसत होते, आणि मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

पुढे एका शेतकऱ्याने पट्टी माझ्यासमोर धरली. त्यांच्या नावात वडिलांचे नाव 'विठ्ठलराव' आहे. पट्टीवर छापले होते 'ज्ञानेश्वर विठ्ठल' आणि पुढे काळ्या चौकटीतले एक प्रश्नचिन्ह. ते शांतपणे म्हणाले, "बापाचा राव कुठं घालवलास?" मी घरी येऊन मोजले. ज्ञानेश्वर म्हणजे सुटी दहा चिन्हे, प्रत्येकी तीन बाइटांप्रमाणे तीस बाइट. मधल्या मोकळ्या जागेचा एक. विठ्ठल म्हणजे सहा चिन्हे, अठरा बाइट. झाले एकोणपन्नास. पन्नासाव्या जागी राव मधल्या र चा पहिला तुकडा मावला, उरलेला र आणि त्यामागचे सारे बाहेर राहिले. डेटाबेसने तक्रार केली नाही, कारण चुकीचा डेटा नाकारणारी कडक शिस्त मूळ ठेवणीत ५.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आली, आणि मी ती आल्यावर स्वतःच्या हाताने बंद केली होती. ती चालू ठेवली असती तर पहाटेच्या गर्दीत पट्टी अडली असती.

त्या एका माणसाचे नाव मी हाताने आखूड केले: 'ज्ञानेश्वर वि.' असे. बाकीच्यांचे काय झाले ते पाहण्याचे धैर्य केले नाही.

घणसोलीचा वारा

मला वाटले होते की हे वाचून मला आनंद होईल. थोडासा झालाही. मग आमच्या सेवेत नाव आणि आडनाव असे दोनच रकाने आहेत, वडिलांच्या नावाला जागाच नाही, हे आठवले आणि तो ओसरला.

कोपरखैरणे १४

मी इतके दिवस फक्त वाचत होतो. हा सगळा प्रकार पाहता लॅम्प काय आणि नोड काय, ओपन सोर्स म्हणजे फुकटचे, आणि फुकटच्या मालाला तक्रार करायला दुकानदार नसतो. पैसे मोजून परवान्याचे सॉफ्टवेअर घ्यावे आणि शांत झोपावे.

रबाळे रात्रपाळी

परवान्याचा डेटाबेस घेतला असता तरी रकाना पन्नासचाच ठेवला असता हो. आणि मुक्तस्रोत म्हणजे फुकट हे समीकरण आपण आधी पुसून टाका. २०१८ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसने परवाना बदलला, २०२४ मध्ये रेडिस या दुसऱ्या डेटाबेसने बदलला, तेव्हा ज्यांनी फुकट म्हणून घेतले होते ते हवालदिल झाले, आणि ज्यांनी परवाना वाचला होता त्यांनी वाल्की या रेडिसच्या मुक्त शाखेकडे जाण्याची तयारी केली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण आणले त्यामागे पैसे वाचवणे होतेच, पण एका विक्रेत्याच्या मुठीत अडकू नये हेही होते. झोपेचे म्हणाल, तर ज्यांचा पैसे मोजलेला आधार-करार असतो, त्यांचे फोनसुद्धा रात्री मलाच येतात.

कोपरखैरणे १४

मी फक्त एक मत मांडले. एवढे अंगावर येण्याचे कारण नव्हते.

अधोरेखित

मत मांडलेत तर उत्तर येणारच. परंतु आपण मूळ मुद्द्याकडे, म्हणजे 'ॲ' कडे येऊ या.

हिशेबपट्टी (कळवा)

मूळ मुद्दा 'ॲ' कधीपासून झाला? मी पीएचपीबद्दल लिहिले होते.

अधोरेखित

आपण पीएचपीबद्दल लिहिले होते, आणि आपल्या पीएचपीने एका माणसाच्या बापाचा राव खाल्ला. यापरते मूळ काय असणार?

हिशेबपट्टी (कळवा)

पीएचपीने नव्हे. रकान्याने. म्हणजे मी. आपण पर्ल लिहीत असता तरी हेच झाले असते आणि वर तो कोड आपल्यालाही पुन्हा वाचता आला नसता.

रबाळे रात्रपाळी

पुरे. हिशेबपट्टी, कामाचे ऐका. मराठी बिघडण्याचे दोन आजार असतात आणि आपला बरा होणारा आहे. पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर अक्षरे साठवतानाच मेलेली असतात आणि बॅकअपमध्ये असतील तरच परत येतात. आपली तशी नाहीत. आपल्या लॅटिन रकान्यात यूटीएफचे बाइट जसेच्या तसे पडलेले आहेत. मात्र रकाना थेट यूटीएफमध्ये रूपांतरित करू नका. तसे केले की डेटाबेस त्या बाइटांना खरोखरीची लॅटिन अक्षरे समजून पुन्हा यूटीएफमध्ये गुंडाळतो, आणि मग टोपीवाली, टिंबवाली परदेशी अक्षरे दुहेरी होऊन बसतात. आधी रकाना ब्लॉब करा, म्हणजे डेटाबेस अक्षरे विसरून नुसते बाइट धरतो. मग तो यूटीएफ-८-एमबी-४ चा व्हारकॅर, म्हणजे मजकुराचा रकाना, करा, लांबी २०० ठेवा. पीएचपीची जोडणीही त्याच संचावर त्याच क्षणी बदला, नाहीतर पहाटे आडत्याचा फोन येईल. शिस्त पुन्हा चालू करा. हे सारे आधी प्रतीवर करून पाहा, खऱ्या टेबलावर नव्हे.

तुटलेली शेपटे मात्र यातून परत येणार नाहीत. ती शोधण्याची युक्ती अशी: रूपांतरापूर्वी ज्या नावांची लांबी बरोबर पन्नास बाइट भरते, तेवढी बाहेर काढा. छाटलेले प्रत्येक नाव त्यांत असणारच. काही निर्दोष नावेही योगायोगाने येतील. अर्ध्या अक्षरापाशी तुटलेले एखादे टोक रूपांतराला अडवेल, तेव्हा आधी ते तुकडे कापून घ्या.

हिशेबपट्टी (कळवा)

काढली. ३८६ नावे निघाली.

आडत्यांकडे कागदी वह्या आहेत, जुन्या पट्ट्यांच्या कार्बनप्रती आहेत. त्यांवरून ताळा करता येईल. पण एकट्याने वही वाचायची आणि एकट्यानेच टंकायचे म्हणजे पुन्हा नव्या चुका होणार.

घणसोलीचा वारा

शनिवारी मला सुट्टी आहे. घणसोलीहून वाशीला यायला मला किती वेळ लागणार! मी वही वाचतो, आपण टंका. दोन अटी आहेत. एक, पीएचपीला मी हात लावणार नाही. दोन, मावसभावाला बरोबर आणतो. लॅम्पचे प्रमाणपत्र घेतले आहे तर लॅम्पचे काम तरी एकदा पाहू दे.

हिशेबपट्टी (कळवा)

पीएचपीला आपल्याला हात लावू दिलाही नसता. दुपारनंतर या, सकाळी गाळ्यावर उभे राहायला जागा नसते. मावसभावाची वही त्याला घरीच ठेवायला सांगा.

अधोरेखित

उत्तम. या ३८६ जणांत कोणी वकील असतील, तर 'ॲड.' कोणत्या पद्धतीने टंकणार आहात ते शनिवारपूर्वी ठरवावे. मी दोन्ही पद्धतींचे नमुने तयार ठेवले आहेत.